पळी न घालता

मालवणहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. नाव छापू नये अशी त्यांची इच्छा आहे. पत्र थोडं आटोपशीर करून देते.

"माझं वय ६३. आमची छोटी खानावळ आहे, ती मी २८ वर्षं चालवली. गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून गेल्या दिवाळीपासून मुलीच्या हाती दिली. मुलगी हुशार आहे, पण तिची रीत माझी नाही. ती बंदरावर लिलावाला जात नाही, ओळखीच्या होडीवाल्याकडून फोनवर मासळी मागवते. सोमवारी बंद ठेवते. मी सारखा मधे बोलायचो आणि रोज भांडण. अशात पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं मला लाओत्से या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या 'ताओ ते चिंग'चं मराठी भाषांतर दिलं. त्यात 'अकर्म', 'शून्य', 'निसर्गाप्रमाणे वागणं' हे वाचलं आणि ठरवलं की आता आपण काहीच करायचं नाही. पाच आठवडे झाले, खानावळीत एक शब्द बोललेलो नाही. कोपऱ्यात खुर्चीवर बसून असतो. मागच्या आठवड्यात सुरमई कापायला घेतली, तेव्हा तिचे कल्ले तपकिरी पडलेले मला दिसले. तरी गप्प राहिलो. म्हटलं, ढवळाढवळ नको. दोन ताटं परत आली. रात्री मुलगी म्हणाली, 'बाबा, माझा काय चुकला?' मी तिलाही उत्तर दिलं नाही. दुपारी तीन ते सात घर खायला उठतं. आत नुसती पोकळी. मला सांगा, हे 'अकर्म', म्हणजे मूळ चिनीतलं वू-वेइ, काही न करणं नव्हे असं म्हणतात, तर मग काय? सगळं शून्यातून आलं म्हणतात, मग माझ्या पोकळीतून काहीच का येत नाही? आणि निसर्गाप्रमाणे वागायचं ते माझ्या की मुलीच्या?"

नमस्कार.

सुरमईपासूनच सुरुवात करते, कारण पत्र वाचून झाल्यावर माझ्या डोळ्यांपुढे तीच राहिली. कल्ले उतरलेत हे २८ वर्षांच्या सरावलेल्या नजरेनं टिपलं, आणि तुम्ही ओठ मिटून घेतलेत. हे वू-वेइ नव्हतं. त्या क्षणी तुम्ही फार मोठं काम करत होता. ओठांवर आलेला शब्द सगळा जोर लावून मागे ढकलत होता. पाच आठवडे त्या खानावळीत सर्वांत कष्टाचं काम तुम्हीच केलंय, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. कोपऱ्यातली खुर्ची गल्ल्यापेक्षा, चुलीपेक्षा मोठी होऊन बसली असणार. मुलीला ती दिसत होती, म्हणून तर तिनं विचारलं.

पुस्तक हाताशी असेल तर चौसष्टावं प्रकरण पुन्हा काढा. करायला जाल तर बिघडवाल, धरून ठेवायला जाल तर हरवून बसाल, ही ओळ तुम्ही वाचली असेल. पण त्याच प्रकरणाच्या आरंभी असंही म्हटलंय की ज्याची चिन्हं अजून उमटली नाहीत त्याचा बंदोबस्त करणं सोपं. गोष्ट घडण्याआधी तिच्याकडे बघा, गोंधळ माजण्याआधी घडी बसवा. तपकिरी कल्ला म्हणजे परत येणाऱ्या ताटाचं आधीचं चिन्ह. ते ज्याला दिसलं त्यानं तेव्हाच बोलायचं होतं.

आता वू-वेइ. हे तुम्हाला समजावणं मला सोपं आहे, कारण तुम्ही ते आयुष्यभर केलंय. साठाव्या प्रकरणात म्हटलंय की मोठं राज्य चालवणं हे बारीक मासळी शिजवण्यासारखं आहे. या पुस्तकावरचं जे सर्वांत जुनं भाष्य आज हाती आहे ते हान फेइ या राजनीतीच्या विचारवंताचं, तो इसवी सनापूर्वी २३३ मध्ये गेला. तो या ओळीचा अर्थ सांगतो: बारीक मासळी सारखी ढवळली तर तिची रया जाते, आणि राज्यात सारखे कायदे बदलले तर लोक हैराण होतात.

माझी आई पेडवे, ही बारीक मासळी, करायची ते आठवतं. मासळी टोपात गेली की पळी बाजूला. आच मंद. कडेनं बुडबुडे यायला लागले की फडक्यानं टोपाचे कान धरायचे आणि टोप अलगद गोल फिरवायचा, दोनदा, फार तर तीनदा. रस आपसूक माशांभोवती फिरायचा, तळाला काही लागायचं नाही आणि पेडवा अख्खा राहायचा. मीठ बघायचं तर रसाचे दोन थेंब तळहातावर. त्या दहा मिनिटांत आई चुलीपासून हलायची नाही, कुणी हाक मारली तरी वळून बघायची नाही.

हे तुमच्या खानावळीत रोज होत असेल. मग सांगा, आई काही करत होती की नव्हती? पळी घालत नव्हती. नजर, कान, नाक, सगळं मात्र टोपात होतं. वू म्हणजे नसणं, वेइ म्हणजे करणं. लाओत्से इथे ज्या करण्याला नको म्हणतो ते पळी घालणं आहे, म्हणजे आपल्या मनातला आकार समोरच्यावर लादणं. तुम्ही पाच आठवड्यांपूर्वी पळी खाली ठेवलीत, ते अगदी योग्य केलंत. पण त्याच वेळी चुलीकडे पाठ फिरवलीत.

चौथ्या शतकाच्या सुरुवातीला, ३१२ साली, क्वो श्यांग नावाचा एक भाष्यकार वारला. च्वांगत्से या लाओत्सेच्याच परंपरेतल्या विचारवंताचा ग्रंथ आज ज्या ३३ प्रकरणांच्या रूपात आपण वाचतो ते रूप त्यानं दिलेलं. तुमच्यासारखा समज त्याच्या काळीही असणार, कारण त्यानं मुद्दाम लिहून ठेवलंय की वू-वेइ म्हणजे हात बांधून मुकाट बसणं नव्हे. ज्यानं त्यानं आपापलं करावं याला मोकळीक देणं म्हणजे वू-वेइ. तुमचं पत्र वाचताना मला सारखं हेच वाक्य आठवत होतं.

भाषांतरात 'अकर्म' आलं, त्यातही थोडी गडबड झाली असं मला वाटतं. हा शब्द दिसला की आपल्याकडे लगेच गीता उभी राहते: कर्माचं बंधन, फळाची आसक्ती, मोक्ष. लाओत्सेच्या पुढे हा प्रश्नच नव्हता. हे लिखाण ज्या काळात आकाराला आलं तेव्हा चीनमध्ये सात मोठी राज्यं एकमेकांवर तुटून पडत होती. माणसं सैन्यात ओढली जात होती, कर वाढत होते. पंचाहत्तराव्या प्रकरणात स्पष्टच आहे की लोक उपाशी राहतात ते वरचे कर फार खातात म्हणून, आणि लोकांना आवरणं अवघड होतं ते वरचे फार काही करायला जातात म्हणून. म्हणजे वू-वेइचा हा उपदेश ज्याच्या हाती पळी आहे त्याला केलेला आहे. दुबळ्याला "ठेविले अनंते तैसेचि रहावे" म्हणून समजूत घालण्याची ती गोष्ट नाही. तुम्ही त्या खानावळीत राजे होता, आणि अजून आहात. तुमच्या एका भुवईवर तिथलं वातावरण ठरतं. म्हणूनच हे पुस्तक तुमच्या हाती पडलं याचा मला आनंद आहे.

शब्दांची ही अडचण आजची नाही. सातव्या शतकात चीनच्या सम्राटानं या पुस्तकाचं संस्कृत भाषांतर करायची आज्ञा ह्युएन त्संगला दिली होती. पुलकेशीच्या महाराष्ट्राचं वर्णन लिहून ठेवणारा तोच हा प्रवासी भिक्षू. मागणी होती कामरूपच्या, म्हणजे आजच्या आसामकडच्या, राजाची. पहिल्याच शब्दावर वाद झाला. ताओपंथी म्हणत 'ताओ'ला 'बोधि' म्हणा, ह्युएन त्संग म्हणाला 'मार्ग'च म्हणायचं. तेव्हा तुमच्या पुस्तकाच्या भाषांतरकाराला दोष देऊ नका.

पण 'निसर्ग' या शब्दाबद्दल मात्र मला थांबून बोललंच पाहिजे, तुमचा तिसरा प्रश्न त्यातच अडकलाय. मूळ शब्द आहे त्झ-रान. आजच्या चिनी भाषेत त्याचा अर्थ निसर्ग असाच होतो, डोंगर, झाडं, समुद्र. लाओत्सेच्या वेळी तो अर्थ नव्हता. त्झ म्हणजे आपण स्वतः, रान म्हणजे तसं. आपणहून तसं. याला मराठीत एक सुरेख शब्द आहे, आणि तो मी वर आईचा टोप फिरताना वापरलाच: आपसूक. अख्ख्या ताओ ते चिंगमध्ये हा शब्द फक्त पाच वेळा येतो. पंचविसाव्या प्रकरणात म्हटलंय, माणूस पृथ्वीच्या धोरणानं चालतो, पृथ्वी आकाशाच्या, आकाश ताओच्या, आणि ताओ आपसूकपणाच्या. तिथे 'निसर्ग' घातलं तर ताओच्याही वर आणखी एक कुणीतरी बसवल्यासारखं होतं. 'आपसूक' घातलं तर साखळी तिथेच मोकळी होते.

सतराव्या प्रकरणात हा शब्द लोकांच्या तोंडी आहे. सर्वांत चांगला राजा कोणता? तो आहे एवढंच लोकांना माहीत असतं. त्याच्या खालचा तो, ज्याच्यावर लोक प्रेम करतात आणि ज्याची स्तुती करतात. त्याच्या खालचा, ज्याला घाबरतात. सर्वांत खालचा, ज्याला तुच्छ मानतात. पहिल्या प्रकारच्या राजाच्या राज्यात काम पार पडलं की लोक म्हणतात, हे आमचं आपसूक झालं. या उतरंडीत प्रेम आणि स्तुतीला दुसरा नंबर आहे, हे मला अनेक वर्षं बोचत असे. आता पटतं. ज्याचं कौतुक सारखं करावं लागतं, त्याच्याकडे सारखं बघावंही लागतं, आणि तेवढी नजर आपल्या कामावरून निघते. तुमची मुलगी आता सुरमई कापताना सुरमईकडे बघते की कोपऱ्याकडे?

आणि चौसष्टाव्या प्रकरणाचा शेवट. ज्ञानी माणूस काय करतो? सगळ्या वस्तूंच्या आपसूकपणाला आधार देतो आणि लादायला धजत नाही. आधार देतो! हे क्रियापद सहज नजरेतून निसटतं. १९९३ साली चीनच्या हुपेइ प्रांतात ग्वोद्यान इथे एका थडग्यातून बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेला लाओत्सेचा मजकूर निघाला, सुमारे इसवी सनापूर्वी ३०० चा. या पुस्तकाची त्याहून जुनी प्रत अजून मिळालेली नाही. त्यात आजचा निम्माही मजकूर नाही, पण हा शेवटाचा भाग तिथे दोनदा आलाय, आणि दोन्ही ठिकाणी आधाराचा शब्द आहे. मुलीचा आपसूकपणा कोणता ते तुमच्या पत्रावरून मला असं दिसतं: लिलावाचा आरडाओरडा तिला मानवत नाही, ओळखीच्या माणसाशी फोनवर शांतपणे बोलून व्यवहार करणं जमतं, आठवड्यातून एक दिवस तिला स्वतःचा हवा असतो. तुमचा आपसूकपणा लिलावातला. दोन्ही खरे.

च्वांगत्सेच्या अठराव्या प्रकरणात लू राज्याची एक गोष्ट आहे. नगराबाहेर एक समुद्रपक्षी उतरला. तिथल्या सरदाराला इतका आनंद झाला की त्यानं पक्ष्याला वाजतगाजत देवळात नेलं, मद्य दिलं, दरबारी संगीत ऐकवलं, बैल-बोकड-डुकराच्या मांसाची मेजवानी वाढली. पक्षी भांबावला. एक घास खाल्ला नाही, एक घोट प्यायला नाही. तीन दिवसांत मेला. सरदारानं त्याला स्वतःला मानवेल असं सगळं दिलं होतं आणि पक्ष्याला लागतं त्यातलं काहीच नाही. २८ वर्षांची तुमची रीत मुलीला जशीच्या तशी भरवायला गेलात ती मायेपोटीच, याबद्दल मला शंका नाही.

राहिला पोकळीचा प्रश्न. चाळिसाव्या प्रकरणातली ओळ तुम्हाला लागलीय: सगळ्या वस्तू असण्यातून जन्मतात आणि असणं नसण्यातून. त्यावर चीनमध्येच दोन तट पडले. वांग बी, २२६ ते २४९ एवढंच आयुष्य मिळालेला विलक्षण तरुण, म्हणाला की नसणं हेच सगळ्याचं मूळ. क्वो श्यांग म्हणाला, नसणं म्हणजे जर काहीच नाही, तर ते जन्म कसं देईल? वस्तू आपसूक होतात. मला क्वो श्यांग पटतो. बौद्धांचं शून्य इथे आणू नका, तो वेगळा धागा आहे आणि त्यानं तुमचा गुंता वाढेल. तुम्हाला चाळिसाव्यापेक्षा अकरावं प्रकरण जवळचं वाटेल, कारण त्यात वस्तू आहेत.

तीस आरे एका तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यात, बसतात, पण गाडी चालते ती तुंब्याच्या मधल्या भोकामुळे. माती मळून भांडं करतात, पण भांडं कामाला येतं ते आतल्या रिकामेपणामुळे. दारं-खिडक्या कोरून खोली करतात, पण आपण राहतो ते मधल्या मोकळ्या जागेत. असण्यानं सोय होते, नसण्यानं वापर होतो. बैलगाडीचं चाक डोळ्यांसमोर आणा. तुंब्याचं भोक रिकामं आहे, पण त्याला चारी बाजूंनी आऱ्यांनी धरलंय आणि त्यातून आस जातो. चाक मोडून टाकलं तर ते भोक उरत नाही, तुंब्याचा उपयोगही उरत नाही. तुम्ही विचारता, माझ्या पोकळीतून काही का येत नाही. कारण तुम्ही ती चाकातून बाहेर काढलीत. खानावळीपासून, मुलीपासून, बंदरावरच्या माणसांपासून स्वतःला तोडून घेतलंत आणि उरलेल्याला शून्य म्हणालात. आरे परत लागले की त्याच रिकामेपणाचा उपयोग होईल. दुपारचे तीन ते सात मात्र घाईघाईनं भरू नका, भजनीमंडळ आणि भाचरांची शिकवणी यांनी तर नाहीच. जेवणाच्या गर्दीनंतर मुलगी दमून येईल तेव्हा तिला बसायला एक रिकामा माणूस घरात असू दे. तुम्ही राबत होता तेव्हा तिच्या वाट्याला तो आलाच नसेल.

आता काय करायचं. खुर्ची कोपऱ्यातून काढा. सकाळी मासळी येते तेव्हा दोन तास, गुडघ्यांना झेपेल अशा उंच स्टुलावर, ओट्याशी मुलीच्या शेजारी बसा आणि मासळी साफ करा. गल्ला, दर, सोमवारची सुट्टी, मासळी कुणाकडून घ्यायची, यातलं काही तिथे काढू नका. तुमच्याकडे जे आहे ते बोलून द्यायचं नाहीच. च्वांगत्सेच्या तेराव्या प्रकरणात प्येन नावाचा एक चाकं करणारा सुतार राजाला सांगतो: तासताना हात फार हळू चालला तर छिन्नी घसरते, फार जोरात चालला तर रुतून बसते, ना हळू ना जोरात, हे हाताला कळतं, तोंडाला सांगता येत नाही. मला ते माझ्या मुलाला शिकवता आलेलं नाही, त्यालाही ते माझ्याकडून घेता आलेलं नाही, म्हणून सत्तरीतही मी चाकं करतोय. या गोष्टीतलं दुःख मला नेहमी खरं वाटतं, ते झाकायचं काही कारण नाही. पण बघा, तो रुसून घरी बसलेला नाही. सत्तरीत कामावर आहे. शेजारी बसून काम करणाऱ्याचा हात दिसतो, आणि हाताकडून हाताला थोडं तरी जातं.

पुन्हा तपकिरी कल्ला दिसला तर? तेव्हा च्वांगत्सेच्या तिसऱ्या प्रकरणातला तिंग खाटीक आठवा. एकोणीस वर्षं एकच सुरी, हजारो बैल कापले, तरी धार नुकती सहाणेवरून काढल्यासारखी, कारण तो हाडावर सुरी मारत नाही, सांध्यातल्या फटीतून नेतो. लोक इथपर्यंतच सांगतात. पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जिथे स्नायू-हाडांचा गुंता येतो तिथे तो सावध होतो, नजर एका जागी रोखतो, हात मंदावतो, सुरी अगदी किंचित हलवतो, आणि सगळं सुटून ढेकळासारखं खाली येतं. तो गुंत्यावर घाव घालत नाही आणि गुंता टाकून निघूनही जात नाही. तर तुम्ही अंगठ्यानं कल्ल्याचं झाकण उचला आणि मुलीला हाक मारून दाखवा. "बघ" एवढं म्हणा. फोनवर मासळी घेतलीस म्हणून असं झालं, हे वाक्य गिळू नका आणि बोलूही नका, तुमचं लक्ष माशावर असेल तर ते येणारच नाही. तो मासा परत पाठवायचा, होडीवाल्याशी कसं बोलायचं, हे ती ठरवेल.

एक धोका सांगून ठेवते. हे सगळं मुलीला आपल्या वाटेवर आणण्याची युक्ती म्हणून करू नका. लाओत्से दुसऱ्या प्रकरणात म्हणतो, काम झालं की तो त्यावर ठिय्या देऊन बसत नाही. सहा महिन्यांनी ती सुरमई बघताक्षणी ओळखायला लागली आणि एखाद्या गिऱ्हाइकाला "हे माझं मलाच कळत गेलं" म्हणाली, तर ते तुमच्या कानांना जड जाईल. ऐकून घ्या.

येत्या सोमवारी खानावळ बंद असेल. त्या दिवशी चहाच्या वेळी तिच्यापाशी बसा आणि तिनं रात्री जे विचारलं होतं त्याचं उत्तर द्या: तुझा काय चुकला नाय, कल्ले मी बघितले होते.